पहिला हात ताईचा

शैला, इकडे ये. जवळ ये जरा, अशी उंबऱ्यावर उभी राहू नकोस एक पाय बाहेर ठेवून. आयुष्यभर तेच केलंस. चहा हातात, पिशवी खांद्यावर, "आपा, गाडी चुकेल." कुठली गाडी, कसली गाडी? खांडबाऱ्याच्या स्टेशनावर गाडी काय तुझ्यासाठी थांबणार होती आणि माझ्यासाठी नाही? आता तर घाई संपली ना तुझी. मग बस. मी बोलणार आहे, आणि तू मधे बोलायचं नाहीस. वीस वर्षं मधेच बोलत आलीस, आता माझी पाळी.

दीड महिना होत आला तुला जाऊन. लोक येतात, तुझं चांगलं बोलतात, मीही मान हलवते. पण मला जे बोलायचंय ते चांगलं नाही. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडी चालल्यासारखं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, बांगड्यांच्या खोक्यांवरची नावं वाचत वाचत अक्षरं लागली, पुढचं तुझ्या रजिस्टरात गिरवलं. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू पहिल्यांदा आलीस तो बाजार आठवतो का? मी बांगड्या भरत होते. पाड्यावरची एक नवी नवरी समोर बसली होती, तिच्या हातात हिरवा चुडा चढवत होते. तू बाजूला येऊन बसलीस. मला वाटलं गिऱ्हाईक आहे. अर्धा तास झाला तरी बाई काही मागेना. मी म्हटलं, "काय दाखवू बाई? लाल, हिरव्या, नक्षीकामाच्या?"

तू म्हणालीस, "काही नको. तुम्ही या मुलीचा हात किती वेळ धरलात?"

"चुड्याला लागतो तेवढा."

"तिनं ओढला नाही."

"काबरं ओढी? मी काय चावस का?"

तू हसलीस. मग म्हणालीस, "आमच्याकडे नाडी बघायला हात धरला की या बायका हात ओढून घेतात. तुमच्याकडे आपणहून पुढे करतात. आपा, तुम्ही माझ्याबरोबर काम कराल?"

मला वाटलं बाई येडी आहे. तापीकाठच्या पाटलांची लेक, नर्सचं शिक्षण, घरी बागायत, आणि या मणियारणीला दवाखान्याच्या कामाला बोलावते. घरी सांगितलं तर नणंद म्हणाली, "तुमको क्या आता है?" मला काय येत होतं? हात धरता येत होता. तेवढंच तुला हवं होतं.

मग तू मला बीपी मोजायला शिकवलंस. तुझ्याच दंडावर. पट्टा बांध, फुगा दाब, काटा वर जाऊ दे, मग हळूच हवा सोड आणि कान देऊन ऐक. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोका बंद पडतो तो खालचा. मला ऐकूच यायचं नाही. बाजाराचा गलका, एसटीचा हॉर्न, शेजारी मिरचीवाल्या वत्सलाबाईचं ओरडणं. तू म्हणायचीस, "परत." मी परत फुगवायची. तुझा दंड निळा पडला तरी "परत." महिनाभर तू पूर्ण बाह्यांचं झंपर घालून फिरलीस, सरांना दिसू नये म्हणून. सर म्हणजे तुझे मालक, नवापूरला मास्तर. त्यांना दिसलंच शेवटी. ते म्हणाले, "ही मोजणी आहे की मारामारी?" आणि ज्या दिवशी मला पहिला ठोका ऐकू आला, त्या दिवशी मी भर बाजारात ओरडले, "ऊना, ऊना! आयकू ऊना!" वत्सलाबाई म्हणाली, "कोन ऊना व? पाव्हना का?"

असं होतं आपलं. ते आठवलं की मला आधी हसू येतं, मग मी तोंड धुवायला उठते.

पहिल्या वर्षी आपल्या टेबलापाशी कुणी येत नव्हतं. पाड्यांवर कुणीतरी उठवलं होतं की पट्टा रक्त ओढतो. तेव्हा तू तो नियम केलास. दर बाजारी टेबल मांडलं की आधी तू खुर्चीवर बसायचं, सगळ्यांसमोर बाही वर करायची, मी मोजायचं आणि मोठ्यानं सांगायचं. पहिला हात ताईचा. मी तुला विचारलं होतं, रोज रोज कशाला, लोकांना कळलं की आता. तू म्हणालीस, "ज्या दिवशी माझा हात दाखवायला मला कंटाळा येईल, त्या दिवशी त्यांचा मागायला मी जाणार नाही." मला पटलं होतं. खोटं कशाला सांगू, अजूनही पटतं.

आणि माझा आवाज तर बाजारातच घडलेला. बांगड्या विकायच्या तसा मी तुझा बीपी विकायला लागले. "या गं, या! ताईना बीपी देखा! एकशे वीस, ऐंशी! एकदम झकास!" बाया हसायच्या. एक यायची, मग दुसरी यायची. तू खुर्चीवर बसून अशी ऐटीत मान हलवायचीस, की जणू नवरदेव. पोरंसोरं माझी नक्कल करायची, "एकशे वीस, ऐंशी, झकास!" तुझं खरंच तेवढंच असायचं, तेव्हा. पहिली काही वर्षं मी दर वेळी ऐकलं, आणि दर वेळी तेवढंच.

आता पुढचं ऐक. आणि जवळच बस.

दर वेळी तेवढंच असायचं म्हणून मी ऐकायचं सोडलं. कधी सोडलं ते मला नेमकं सांगता येत नाही. नळीनं माझे कान दुखायचे, ओढणी सारखी सरकायची. मी पट्टा बांधायची, दोन-चार वेळा फुगा दाबायची, हवा सोडायची आणि आरोळी द्यायची. नळी कानात आहे की गळ्यात, ओढणीखाली कुणाला दिसतं? बाकी बायांचा मी मन लावून ऐकायची. अल्लाची शपथ, त्यांचा एकही आकडा मी मनानं सांगितला नाही. फक्त तुझा. तुझा माझ्या तोंडात पाठ होता.

एकदा तू पकडलंस. वाऱ्यानं ओढणी उडाली आणि तुला दिसलं. बायांसमोर काही बोलली नाहीस. बाजार उठल्यावर म्हणालीस, "आपा, नळी कानात घालत जा. माझाही मोज."

मी म्हटलं, "तुन्हा माले पाठ शे."

"पाठ असायला ती कविता नाही." तू हसून म्हणालीस, पण डोळे हसत नव्हते. पुढचे दोन-तीन बाजार मी घातली. मग परत तेच. तू परत विचारलं नाहीस, कारण तू धरून चाललीस की आपाला एकदा सांगितलं म्हणजे झालं. तुझा हाच तर गुण. माणसाला एकदा सांगायचं आणि विश्वास टाकायचा. या गुणावरच तुझी संस्था उभी होती. स्टेशनाजवळच्या दोन खोल्या, आम्ही अकरा बाया, अर्ध्या अशिक्षित, आणि प्रत्येकीला वाटायचं की ताईचा माझ्यावर जास्त भरवसा.

मागच्या थंडीत तुझं डोकं दुखायला लागलं. दुपार झाली की कपाळ दाबत बसायचीस. सुमन म्हणाली, ताई एकदा डॉक्टरला दाखवा. सुमन म्हणजे आपली ती डोंगराकडच्या पाड्यावरची, तू बारावी करायला लावलीस ती. तू काय म्हणालीस? "बीपी तर दर बाजारी आपा बघतेच. चष्म्याचा नंबर वाढला असेल." आणि नवापूरला जाऊन नवा चष्मा करून आणलास. काळ्या काड्यांचा. मला विचारलंस, "कसा दिसतो?" मी म्हटलं, "हेडमास्तरीण दिसतेस." शैला, मी तिथेच होते. तू डोकेदुखीवर चष्मा करून घेतलास, माझ्या आरोळीवर भरवसा ठेवून, आणि मी तुला हेडमास्तरीण म्हणाले.

मग तो बाजार. कुंताबाई तिच्या पाड्यावरच्या दहा-बारा बाया पहिल्यांदा घेऊन आली होती. कुंताबाईचं तर तुला सांगायला नको, पण लिहिते, वाचणाऱ्याला कळावं. शहरातून पाहुणे आले होते कामाची पाहणी करायला तेव्हाची ती. आपल्याकडे खुर्च्या दोन. तू एकीवर कुंताबाईला बसवलंस आणि साहेबांना चटई दाखवलीस. साहेबांचं तोंड उतरलं. तू म्हणालीस, "साहेब, हिचे गुडघे दुखतात. तुमचे दुखत असतील तर सांगा, मी उठवते तिला." साहेब मांडी घालून बसले. आणि कुंताबाई, जी दवाखान्यात भिंतीला टेकून उभी राहायची, कुणी 'बस' म्हणेपर्यंत, ती त्या खुर्चीत अशी बसली की परत कुठल्याच खुर्चीला घाबरली नाही. दवाखान्यात तिला "वेळेवर येता येत नाही का" म्हणणाऱ्याला तिनं स्वतः सांगितलं, आमची गाडी एकच आहे, तुमची वेळ बदला. तू तिथे नव्हतीस, तुला मी येऊन सांगितलं. तू किती वेळ हसत होतीस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तर त्या बाजारी कुंताबाईबरोबर आलेल्यांत एक म्हातारी होती. तिनं मला विचारलं, "ही नळी कानात घालून काय ऐकतेस?" मी म्हटलं, "बघ, दाखवते," आणि तुझ्या दंडाला पट्टा बांधून नळी खरोखर कानात घातली. किती दिवसांनी. फुगवलं. काटा वर गेला. मी हवा सोडायला लागले, आणि ठोके लगेच सुरू झाले. खूप वर. इतके वर की मला वाटलं मशीन बिघडलं. एकशे ऐंशीच्या पुढे. मी हवा सोडत गेले आणि ठोके संपेनात. तुझा हात माझ्या हातात होता. दहा-बारा बाया वाकून बघत होत्या. कुंताबाई बघत होती. तू माझ्याकडे बघून भुवया उंचावल्यास, की बोल ना.

आणि माझ्या तोंडातून आलं, "एकशे वीस, ऐंशी! झकास!"

तोंडाला सवय होती, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण ते खरं नाही. मी त्या क्षणी विचार केला. मी विचार केला की या बाया आज पहिल्यांदा आल्यात, ताईचाच बीपी वाढलेला ऐकला तर पट्ट्याला घाबरून उठून जातील. म्हटलं, बाजार उठू दे, मग शैलाला बाजूला घेऊन सांगते.

बाजार उठला. तू सामान आवरत होतीस. मी जवळ आले. तोंड उघडलं. आणि मला दिसलं की मी सांगितलं तर तू पहिला प्रश्न काय विचारशील. "मागच्या बाजारी किती होता?" मग काय सांगू? त्याच्या मागच्या बाजारी? मला शेवटचा खरा आकडा कधीचा ते ठाऊक नव्हतं. त्या लाजेपायी मी गप्प बसले, शैला. तुझ्या जिवापेक्षा मला माझं नाक मोठं वाटलं. आणि हात माझे तेच, ज्यांच्यात बायका न लाजता हात देतात म्हणून तू मला निवडलंस.

असे चार बाजार गेले. चारही वेळा मी ऐकलं, चारही वेळा वरचा आकडा वर होता, चारही वेळा मी आरोळी दिली. मधे काय केलं सांगू? तुझ्या डब्यातलं लोणचं काढून टाकलं. मी तुला खारवलेल्या मिरच्या आणायची ना, त्या आणणं बंद केलं. पापड लपवले. "जरा आराम कर, सारखी फिरू नकोस, मीठ कमी खा." तू म्हणालीस, "आपा, तू माझी सासू झालीस का?" मी म्हटलं, "हो झाले, ऐक." तू ऐकलं नाहीस. का ऐकावंस? कारण काय ते मी सांगितलंच नव्हतं. मी मिरची बंद करून गोळीचं काम करायला निघाले होते. दहा गावच्या बायांना मी तोंड दुखेपर्यंत सांगते की मीठ कमी करून भागत नाही, गोळी घ्यावीच लागते, रोज घ्यावी लागते. तुला नाही सांगितलं.

पाचव्या बाजाराच्या आधीच तू गेलीस. विसरवाडीच्या फाट्यावर, एसटीची वाट बघत. सुमन बरोबर होती. ती सांगते, ताई म्हणाल्या डावा हात जड झालाय, आणि बोलता बोलता शब्द तोंडातच राहिला. ट्रकवाल्यांनी धावून उचललं. तुला सुरतेला नेलं. मी पोचले तेव्हा मनू तिथे होती. तुझी लेक, सुरतेलाच नोकरीला, ती आधी पोचली.

डॉक्टर बाहेर आला आणि विचारलं, "इनको बीपी था पहले से?"

मनूनं माझ्याकडे पाहिलं. "आपा, तुम्ही तर दर आठवड्याला बघता ना?"

आता सांग, शैला. आता तर काही लाज वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. तू आत होतीस. मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बराबर असायचा."

बराबर असायचा. हे दोन शब्द मी उठता-बसता चघळते. डॉक्टरनं ते ऐकलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, मला माहीत नाही. कुणाला विचारायची हिंमत नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

पुढचं तुला ठाऊक नसेल. तेराव्याला तुझ्या घरी किती माणसं होती! पाड्यांवरून जीप भरून आली. मी मागे पडद्याजवळ बसले होते. बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, "आपा, तुमचा जोड तुटला," म्हणत होत्या. मी त्यांना धरलं. त्यांना धरताना मला वाटत होतं, मी चोर आहे आणि ज्यांचं चोरलं तेच माझी समजूत काढतायत.

मग सुमन पाड्यांवर फिरून आली. तिचं तोंड पाहूनच मला कळलं काहीतरी झालंय. म्हणाली, "आपा, कुंताबाईनं गोळ्या टाकून दिल्या. आणखी तीन-चार जणींनी पण. म्हणतात, ताईचा बीपी दर बाजारी झकास होता, तरी ताई गेली. मग मोजून काय उपयोग, आणि गोळ्या घेऊन काय उपयोग?"

कुंताबाईचा बीपी कसा असतो तुला माहीत आहे. तिला गोळीवर आणायला तुला दोन वर्षं लागली. तिच्या नवऱ्यानं भांडण काढलं, भगतानं धागा बांधला, तू त्या धाग्याला हात लावला नाहीस, म्हणालीस धागा राहू दे, गोळी पण राहू दे. दोन वर्षं. आणि माझ्या आरोळीनं ते पंधरा दिवसांत उडालं. मी कुणाचाही बीपी खोटा सांगितला नव्हता, फक्त तुझा, असं मी मनाला समजावत होते. आता माझं खोटं कुंताबाईच्या झोपडीत जाऊन बसलं होतं.

आधी मनूला सांगायचं ठरवलं. ती कचेरीतलं तुझं सामान घ्यायला आली होती. तुझा तो नवा चष्मा तिच्या हातात होता. म्हणाली, "आपा, हा कुणाला उपयोगी पडेल का बघा, अगदी नवा आहे." चष्मा पाहिला आणि मला सांगायला सुरुवातच करता येईना. मग एका दमात सांगितलं. नळी गळ्यात ते, चार बाजार, मिरच्या, सगळं.

मनूनं चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बराबर म्हणालात."

"हो बेटा."

"मी त्यांच्यावर ओरडले होते. म्हटलं, माझ्या आईचा बीपी दर आठवड्याला मोजतात, तुम्ही दुसरं कारण शोधा."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात मागे घेतला. वीस वर्षांत माझ्या हातातून कुणी हात ओढला नव्हता, शैला. ती बरोबर होती.

मी म्हटलं, "मला माफ—"

"नको. मला ते नका मागू." तिनं पिशवी उचलली. दारात थांबली. तुझ्यासारखीच थांबते ग ती. "बाजारात सांगत होतात ना? मग बाजारातच सांगा."

ती गाडीला गेली. अजून फोन नाही.

पुढच्या बाजारी टेबल मांडलं. तू गेल्यापासून मांडलंच नव्हतं. सुमनला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती रडली, मग म्हणाली, कुंताबाईला मी घेऊन येते, कशी आणायची ते माझं मी बघते. आणि तिनं आणली. ताईच्या नावानं बोलावलंय म्हणाली असेल. कुंताबाई लांब उभी राहिली, टेबलाजवळ येईना.

मी खुर्चीशेजारी उभी राहिले आणि आरोळी दिली. तीच बांगड्यांची आरोळी, दुसरी मला येत नाही. "बायासहोन, आयका! ताईना बीपी चांगला नव्हता! मी खोटं सांगं! चार बाजार मी खोटं सांगं!"

बाजार काही एकदम थांबत नाही. मिरची तोलली जात होती, कोंबड्या ओरडत होत्या. मला परत ओरडावं लागलं. मग हळूहळू बाया वळल्या. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ताईला गोळी हवी होती, तिला मिळाली नाही, कारण मी बोलले नाही. मशीननं खरं सांगितलं होतं, खोटी मी होते.

पहिली बोलली ती वत्सलाबाई. "मंग इतला वरीस बांगड्यासना माप बी खोटंच देस का व तू?" दोघी-चौघी हसल्या. मला ते लागलं आणि बरंही वाटलं, कारण शिवी तरी ओळखीच्या माणसाकडून आली.

मग कुंताबाई पुढे आली. तिची बोली वेगळी, बाजारात ती आपल्यासारखं बोलायचा प्रयत्न करते. म्हणाली, "मन्हा बी खोटा सांगा का?"

"नही कुंताबाई. तुन्हा दर टाईमले आयका मी. खरा सांगा."

"कसावरथून मानू?"

शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या तोंडानं चार बाजार झकास म्हटलं, त्याच तोंडाची शपथ.

सुमन मधे आली. तिनं मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. माझी बाही वर केली, पट्टा बांधला, केस कानामागे सारून नळी कानात घातली, सगळ्यांना दिसेल अशी. साहेबांसमोर बोलायला घाबरते म्हणून तू तिला पुढे आणायला मागेपुढे करत होतीस, आणि मी तुझ्याशी त्यावरून भांडायची, आठवतं? ते भांडण अर्धंच राहिलं. तर सांगते, त्या दिवशी सगळा बाजार बघत असताना तिनं जराही घाई केली नाही. तिनं मोजलं, परत मोजलं, आणि माझ्या कानाशी हळूच आकडा सांगितला.

मी म्हटलं, "मोठ्यानं सांग."

"आपांचा बीपी एकशे सत्तर, शंभर," सुमन मोठ्यानं म्हणाली. "जास्त आहे. आपांना आजपासून गोळी."

या वेळी कुणी हसलं नाही. मलाही माहीत नव्हतं, शैला. इतकी वर्षं सगळ्यांचा मोजला, माझा कुणी मोजलाच नाही. तूही नाही हं, हेही तुला ऐकवून ठेवते.

कुंताबाई माझ्याकडे बघत उभी होती. मग ती आली आणि खुर्चीशी थांबली. मी उठले. ती बसली. हात सुमनकडे केला, माझ्याकडे नाही. आकडा खूप होता. सुमननं गोळ्यांची पट्टी दिली, कुंताबाईनं ती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता गाडीच्या वाटेला लागली.

त्यानंतर दोन बाजार झाले. ती आली. गोळ्या घेते, सुमन मोजते. माझ्यासमोरून जाते आणि बघत नाही. ती गोळ्या घेते एवढं मला पुरे आहे, असं लिहायला बसले होते. लिहिलं तर चांगलं दिसलं असतं. पण पुरे नाही, शैला. तिनं बघावं असं वाटतं. मनूचा फोन यावा असं वाटतं. हे वाटायचा मला हक्क नाही हे कळतं, तरी वाटतं.

सगळे म्हणतात, ताईनं तुम्हाला कधीच माफ केलं असेल, तिचं मन मोठं होतं. मी त्यांना म्हणते, तुमच्या तोंडून नको. तुझ्या वतीनं मोठं मन दाखवायला लोकांना काय जातं? मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. माफी नको. तू रागावून विचार, "आपा, चार बाजारांत एकदा तरी का नाही बोललीस?" लाज वाटली, हे काही उत्तर नाही. पण प्रश्न तू विचारलास ना, तर मी तुझ्यासमोर मान खाली घालून बसेन, आणि निदान या वेळी गप्प बसणं खरं असेल.

तर ये. दुपारी ये, जेवण झाल्यावर मी ओसरीवर आडवी पडते, डोळा लागतो न लागतो तेव्हा. आवाज चढवून ये, दार आपटून ये, हवं तशी ये. आधी मनूकडे जाऊन ये, तिला तुझी जास्त गरज आहे. पण मग इकडे ये, आणि फार दिवस लावू नकोस.